अंदमान, लक्षद्वीप, सेंट मेरी की मालवण? कोल्हापुरातून बेटावर जायचं तर कुठं जावं

व्हिडिओत सगळी बेटं सारखीच दिसतात. निळं पाणी, पांढरी वाळू, समुद्राकडं झुकलेला माड. प्रत्यक्षात तिथवर पोचण्याची वाट, तिथला दिवस, जेवण, आजीला बोटीत कसं चढवायचं, हे सगळं इतकं वेगळं असतं की एका घराला जे ठिकाण जन्मभर पुरलं, तिथून दुसऱ्या घराला कधी एकदा घरी परततोय असं होतं. म्हणून कोल्हापुरातल्या माणसासमोर खरोखर असलेले चार पर्याय इथं शेजारी शेजारी ठेवतो. दोन लांबचे: अंदमान आणि लक्षद्वीप. दोन गाडीनं जाण्याजोगे: उडुपीजवळच्या मलपेची सेंट मेरी बेटं आणि आपलं मालवण.

माझं मत आधीच सांगतो. निवड दोनच गोष्टींवर करावी. हातात सलग किती दिवस आहेत आणि बरोबर येणाऱ्यांत सगळ्यात अशक्त माणूस कोण आहे. पैशाचा विचार त्यानंतर, कारण पैसा थोडा मागं-पुढं करता येतो. समुद्राची वेळ आणि गुडघे मागं-पुढं होत नाहीत.

आधी तारीख, मग बेट

आपल्याकडं सुट्टी म्हणजे दिवाळी आणि मे. यातला मे महिना बेटांसाठी अवघड. अंदमानात मोसमी पाऊस देशात सगळ्यांत आधी पोचतो, साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात. मालवणात किल्ल्याकडं जाणाऱ्या होड्या आणि पाण्यातले खेळ मेअखेरीस बंद होतात ते थेट ऑगस्ट संपेपर्यंत. मलपेची बोटही पावसाळ्यात बंद. शाळेचा निकाल लागला की निघू, असं म्हणणारी मंडळी नेमकी खवळलेल्या समुद्रावर जाऊन उभी राहतात.

दिवाळीचं गणित प्रत्येक बेटाचं निराळं. मालवण आणि मलपेला दिवाळी उत्तम. पाऊस संपलेला असतो, हिरवळ टिकून असते. अंदमानला मात्र ईशान्य मोसमी पावसाचाही फटका बसतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ. वादळ अंदमानवर आलं नाही तरी समुद्र खवळला की फेरी बोटी रद्द होतात आणि सगळं वेळापत्रक कोसळतं. त्यामुळं अंदमानसाठी डिसेंबर ते एप्रिल. पाण्याखालचं बघायचं असेल तर मार्च-एप्रिल आणखी चांगला, कारण तेव्हा समुद्र शांत असतो आणि पाण्यात लांबवर दिसतं. उकाडा जाणवतो, पण पाण्यात शिरल्यावर तो कुणाच्या लक्षात राहतो? मुलांच्या परीक्षा संपल्यावर एप्रिलच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंतची फट कोल्हापूरच्या नोकरदार कुटुंबाला सगळ्यांत सोयीची. लक्षद्वीपचा हंगामही साधारण ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंतच.

डिसेंबर पक्का करण्याआधी घरातल्या बायकांना विचारा. बऱ्याच घरांत मार्गशीर्षाचा पूर्ण महिना मांसाहार बंद असतो, गुरुवारची मांडणी असते. मासे खायला म्हणून मालवणला जाऊन अर्ध्या घरानं वरण-भातावर परत येणं हे काही खरं नव्हे.

ही चार बेटं मुळातच वेगळी

हा भाग मला सगळ्यांत आवडतो आणि निवड करायला तो खरोखर उपयोगी पडतो. पाण्यात काय दिसणार, पायाखाली काय येणार, हे बेट कसं तयार झालं यावरच ठरतं.

अंदमान-निकोबार म्हणजे म्यानमारमधल्या आराकान डोंगररांगेचा समुद्रात बुडालेला पुढचा भाग. पाण्याबाहेर राहिली ती शिखरं. सातशे किलोमीटरहून लांब पसरलेली ही साखळी, पाचशेहून जास्त बेटांची. म्हणून तिथं डोंगर आहे, घनदाट जंगल आहे, ओढे आहेत, खाड्यांत कांदळवन आहे आणि किनाऱ्याला लागून प्रवाळ आहे. सबंध दक्षिण आशियातला एकमेव जागता ज्वालामुखी, बॅरन बेट, याच साखळीत येतो. समुद्राचा कंटाळा आला तर बघायला दुसरं काही आहे, ही अंदमानची खरी श्रीमंती.

लक्षद्वीप अगदी उलट. समुद्राखालच्या जुन्या ज्वालामुखी रांगेवर प्रवाळांनी थरावर थर चढवले आणि त्यावर वाळू साठून बेटं झाली. छत्तीस बेटं मोजतात, त्यांतल्या दहांवर वस्ती आणि सगळ्यांची जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर. नदी नाही, ओढा नाही, डोंगर नाही. जमीन समुद्रापेक्षा जेमतेम दोन-चार मीटर उंच. नदीच नाही म्हणून गाळ नाही आणि गाळ नाही म्हणून ते पाणी काचेसारखं. बेटाभोवती प्रवाळाची कड असते, तिच्या आतलं उथळ पाणी म्हणजे लगून. बाहेर लाटा फुटत असतात आणि आत कमरेइतक्या पाण्यात लहान मूल उभं राहू शकतं.

सेंट मेरीत प्रवाळासाठी जाऊच नये. तिथं दगड बघायचा. लाव्हा थंड होताना आक्रसला, त्याला भेगा गेल्या आणि पाच-सहा बाजूंचे उभे खांब तयार झाले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं १९७९ साली या बेटांना राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला. असे खांब आपल्या पन्हाळा तालुक्यात बांदिवड्यालाही आहेत. पण आपला पन्हाळा-जोतिबाचा कातळ ज्या लाव्हाचा, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. सेंट मेरीचा त्याहून जुना, सुमारे ८.८ कोटी वर्षांचा, मादागास्कर भारतापासून तुटून दूर जात होता त्या काळातला. दहावीच्या मुलाला भूगोलाच्या पुस्तकातलं हे पान हात लावून दाखवता येतं.

मालवणचं कुरटे बेट म्हणजे किनाऱ्याजवळचा खडक, ज्यावर सिंधुदुर्ग उभा आहे. आसपास गड आणि कर्ली या नद्या समुद्राला मिळतात, त्यांचा गाळ येतो. म्हणून इथं पाण्याखाली मासे आणि प्रवाळ आहेत, पण पाणी लक्षद्वीपसारखं आरपार नाही. ज्यानं जाहिरातीतला निळा रंग डोक्यात ठेवून इथं स्नॉर्कलिंग केलं, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्यावरून खाली बघितलं, तो हिरमुसतो. जो मालवणचं पाणी मालवणचं म्हणून बघतो तो खूश होऊन येतो.

अंदमान: दिवस असतील तरच

कोल्हापूरहून थेट विमान नाही. उजळाईवाडी विमानतळावरून हैदराबाद किंवा बंगळूर गाठून पुढं, नाहीतर पुणे-मुंबईहून चेन्नई-कोलकात्यामार्गे. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालं, तरी तिकिटं शोधताना दोन्ही नावं टाकून बघा. तिकडं जाणारी बहुतेक विमानं सकाळी-दुपारी उतरतात, त्यामुळं वाटेत कुठंतरी रात्र काढावी लागते. येता-जाता दोन दिवस हे असेच जातात. म्हणून सांगतो, तिथं किमान पाच रात्री मिळत नसतील तर अंदमानचा नाद यंदा सोडा.

तिथं घड्याळ आपलंच, पण सूर्य आपला नाही. देश पूर्वेला इतका लांब पसरलेला की डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि साडेपाचला अंधार. आपल्या सवयीनं नऊला नाष्टा करून दहाला बाहेर पडलात तर अर्धा दिवस गेला. पहाटे पाचला उठणारं घर असेल तर अंदमान दुप्पट मिळतं.

मराठी माणूस तिथं जातो तो बऱ्याचदा एका जागेसाठी. सेल्युलर जेलचं बांधकाम १८९६ ते १९०६ या काळात झालं. चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती होत्या, आज तीन उरल्यात. सावरकर १९११ ते १९२१ अशी दहा वर्षं इथं होते आणि त्यांचे थोरले बंधू बाबारावही इथंच. वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला ती कोठडी आहे. दाराची कडी भिंतीत आत, लांब खोबणीत जाते, म्हणजे आतून हात बाहेर काढला तरी कुलपापर्यंत पोचू नये. वर दहा फुटांवर एक झरोका. महाराष्ट्रातून आलेली वयस्कर माणसं दारातच चप्पल काढतात. तशी पाटी कुठं नाही. खालच्या अंगणात कोलू ठेवलाय. बैलानं ओढायचा तो घाणा माणसाला जुंपून नारळाचं तेल काढून घेत. मुलांना आधी घरी दोन गोष्टी सांगून न्या, नाहीतर त्यांना नुसत्या खोल्या दिसतील. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाचं तिकीट आदल्या दिवशीच बघून ठेवा.

समोरचं रॉस बेट, आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, इंग्रजांच्या कारभाराचं ठाणं होतं. आज तिथल्या चर्च-बंगल्यांच्या भिंती वडा-पिंपळाच्या मुळांनी आवळून धरल्यात आणि हरणं मधून फिरतात. अर्ध्या दिवसाचं काम, पण चुकवू नये.

पाण्यासाठी हॅवलॉक, म्हणजे स्वराज द्वीप. खासगी वेगवान बोटीनं साधारण दीड तास, सरकारी बोटीनं त्याहून जास्त. तिथल्या राधानगर किनाऱ्यावरचा सूर्यास्त बघायचा, एलिफंट बीचवर स्नॉर्कलिंग करायचं. नील, म्हणजे शहीद द्वीप, छोटं आणि निवांत. म्हाताऱ्या माणसांना हॅवलॉकपेक्षा नील जास्त मानवतं, असा माझा अनुभव. बारातांगच्या चुनखडीच्या गुहा बऱ्याच पॅकेजमध्ये असतात. त्यासाठी जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून ताफ्यानं जावं लागतं. गाडी थांबवायची नाही, फोटो काढायचा नाही, काही द्यायचं नाही. हे नियम योग्यच आहेत, पण मला विचाराल तर तो सबंध दिवस प्रवासातच जातो आणि माणसं राहतात त्या जागेतून असं आरपार जाणं मनाला पटत नाही. तो दिवस वंडूरहून जॉली बॉयला द्यावा. ते बेट सागरी राष्ट्रीय उद्यानात आहे, हंगामात ठरावीक काळच उघडं असतं आणि प्लास्टिक आत न्यायला सक्त मनाई आहे. तिथलं प्रवाळ बघितलं की ती मनाई का, ते कुणी समजावून सांगावं लागत नाही.

लक्षद्वीप: पाण्यासाठी, आणि तिथल्या शिस्तीनं

२०२४ च्या जानेवारीत पंतप्रधान तिथं जाऊन आल्यापासून कोल्हापुरातही लक्षद्वीपची चौकशी वाढली. पण तिकीट काढलं आणि गेलो असं तिथं होत नाही. आपण भारतीय असलो तरी प्रवेशाचा परवाना लागतो. राहायच्या जागा थोड्या आहेत. आधी परवाना आणि राहण्याचं पक्कं, मग विमान किंवा जहाज, हाच क्रम. उलटं केलंत तर पैसे अडकतात.

जाण्याचे रस्ते दोन. विमान अगत्ती बेटावर उतरतं. धावपट्टी आखूड, म्हणून छोटी विमानंच येतात, तीही मुख्यतः कोचीहून. २०२४ मध्ये बंगळूर आणि गोव्याहूनही सेवा सुरू झाल्या. आपल्याला गोवा जवळचा, त्यामुळं ठरवताना चालू वेळापत्रक आधी तपासा. दुसरा रस्ता जहाजाचा, कोचीहून. मिरजेहून बेळगाव-मडगावमार्गे एर्नाकुलमला जाणारी पूर्णा एक्सप्रेस आहे, ती आठवड्यातून एकदाच, त्यामुळं जहाजाच्या तारखेशी तिचा मेळ बसवावा लागतो. कोचीहून बेटापर्यंत जहाजाला चौदा ते अठरा तास. सरकारी ‘समुद्रम’ पॅकेजमध्ये राहणं जहाजावरच. रात्री जहाज पुढं सरकतं आणि दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय अशी एकेक बेटं दाखवतात. सामान रोज बांधा-सोडायचं नाही, ही मोठी सोय.

आता अवघड भाग. बऱ्याच बेटांजवळ जहाज धक्क्याला लागत नाही, बाहेर खोल पाण्यात थांबतं. जहाजाच्या कुशीतलं दार उघडतं, खाली छोटी बोट लाटेवर हात-दीड हात वरखाली होत असते. दोन्ही बाजूंनी खलाशी दंड धरतात आणि बोट वर आली की ‘आता’ म्हणून पाय टाकायचा. ती माणसं या कामात तरबेज आहेत, जन्मच त्यात गेलेला. तरीही गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आईला किंवा सहा महिन्यांच्या बाळाला मी त्या दारात उभं करणार नाही. शिवाय बोट लागणाऱ्या माणसाला जहाजावरची पहिली रात्र जड जाते. औषध जहाजावर चढण्याआधी घ्यावं, मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. गंभीर आजारी माणसाला बेटावरून हेलिकॉप्टरनं कोचीला हलवावं लागतं, हेही हृदयविकार असलेल्यांनी ध्यानात घ्यावं.

बाकी सारं सुख. कल्पेनीच्या लगूनमध्ये पाण्यावर पालथं पडून नुसतं खाली बघत राहिलं तरी तास जातो. मिनिकॉयचा दीपगृह १८८५ चा. वर चढलं की माडांचं हिरवं, लगूनचं पोपटी-निळं आणि बाहेरचं काळसर निळं असे तीन पट्टे स्पष्ट वेगळे दिसतात. बेटं दारूमुक्त आहेत, सवलत फक्त बंगारामच्या रिसॉर्टला. आणि हे लक्षात ठेवा की ही नुसती पर्यटनस्थळं नव्हेत. तिथं गावं आहेत, मशिदी आहेत, शाळेला निघालेल्या मुली आहेत. जवळपास सगळी वस्ती मुसलमान, बोली मल्याळमच्या घराण्यातली, मिनिकॉयला मात्र मालदीवकडची महल भाषा. गावातून जाताना अंगभर कपडे घालावेत. आपल्या गल्लीतून कुणी ओल्या चड्डीवर फिरलेलं आपल्याला चालतं का?

जेवणात भात, नारळ आणि ट्यूना मासा. ट्यूना तिथं गळानं, एकेक करून पकडतात. शाकाहारी माणसाचं जहाजावर भागतं, पण चटण्या, लाडू, भडंग बरोबर न्या. मी तर म्हणेन कोल्हापुरी कांदा-लसूण चटणीची बरणी न्याच. नारळाच्या आमटीत अर्धा चमचा टाकली की जेवण घरचं होतं.

सेंट मेरी: आईवडिलांची यात्रा आणि मुलांचा समुद्र एकाच गाडीत

बेळगाव, हुबळी, यल्लापूर, अंकोला आणि तिथून किनाऱ्यानं खाली. एका दिवसात जाता येतं, पण जाऊ नये. गोकर्ण किंवा मुरुडेश्वरला मुक्काम करावा. हा पर्याय मी सुचवतो तो बेटापेक्षा त्या रस्त्यासाठी. गोकर्ण, मुरुडेश्वर, कोल्लूरची मूकांबिका, उडुपीचा कृष्ण. घरात कुणाचा नवस राहिलेला असेल तर तो फिटतो आणि मुलांना बेट मिळतं.

मलपे बंदरातून बोटीनं अर्ध्या तासाच्या आत. चार मुख्य बेटांपैकी माडांच्या बेटावर उतरवतात. वर मुक्कामाची सोय नाही, दोन-तीन तासांत परत. वास्को द गामा १४९८ मध्ये इथं उतरला आणि त्यानंच हे नाव दिलं, अशी कथा सांगितली जाते. पोहण्यासाठी हे बेट नाही, खडक धारदार आणि शेवाळलेले आहेत. साध्या स्लीपर घालून जाऊ नका, मागं पट्टा असलेली सँडल हवी. गर्दीच्या रविवारी खांबांपेक्षा माणसंच जास्त दिसतात, म्हणून शक्यतो मधला वार आणि सकाळची पहिली बोट धरा. पाण्याखाली जायचंच असेल तर मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटाजवळ स्कुबा करतात, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून खोल उतरतात. तिथं उघड्या समुद्रावरून बोटीनं बराच वेळ जावं लागतं, तेव्हा तरण्या मुलांनी जावं, बाकीच्यांनी देवळात बसावं.

जेवणाची काळजीच नाही. शाकाहाऱ्याला उडुपीसारखं गाव नाही आणि मासे खाणाऱ्याला मलपेसारखं बंदर नाही.

मालवण: जवळचं म्हणून कमी लेखू नका

राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, कसाल. सकाळी लवकर निघालं की दुपारच्या जेवणाला बांगडा ताटात. शनिवार-रविवारला एक दिवस जोडला तरी पुरतं. विमान नाही, परवाना नाही, आणि घरी कुणाला बरं नाही असं कळलं तर त्याच रात्री परत येता येतं. लहान बाळ, गरोदर बाई किंवा पथ्यावरचा माणूस घरात असेल तर याची किंमत कळते.

सिंधुदुर्गाची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ ची. पायाच्या दगडांत शिसं ओतलं, तट सुमारे तीन किलोमीटर फिरतो आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. शिवरायांच्या हाता-पायाचे ठसे आहेत आणि छत्रपती राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे. कोल्हापूरकराला या किल्ल्याशी आणखी एक नातं आहे, जे तिथले वाटाडेही क्वचित सांगतात. हा किल्ला आणि मालवण बंदर कोल्हापूरच्या छत्रपतींच्या ताब्यात होतं आणि १८१२ च्या तहात ते इंग्रजांना द्यावं लागलं. कोल्हापूरच्या राज्याला समुद्र होता, हे आपल्या मुलांना त्या तटावर उभं करून सांगावं.

किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. स्नॉर्कलिंगला गेलात तर रिंग धरून ओढणारा मुलगा मासे जमावेत म्हणून बिस्किटं टाकू लागतो. त्याला नको म्हणून सांगा. मासे थोडे कमी दिसतील, पण त्यांचं खाणं प्रवाळावरचं शेवाळ आहे, आपलं बिस्किट नाही.

एक गोष्ट गांभीर्यानं. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कुबाहून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. हंगाम संपत आलेला, समुद्र बदलत चाललेला. तेव्हा बोटीत माणसं मोजा, लाइफ जॅकेटचे बंद स्वतः ओढून बघा आणि ‘काही होत नाही, बसा’ म्हणणाऱ्याच्या बोटीत बसू नका. पंचगंगेत आणि विहिरीत उड्या टाकून मोठा झालेला माणूस समुद्राला हलक्यात घेतो, हे आपल्याकडं फार. विहिरीला ओढ नसते, समुद्राला असते.

आणखी एक, पोहता येणाऱ्यांसाठीच. मास्क लावल्यावर नाकानं श्वास घेता येत नाही, तोंडानं घ्यावा लागतो. पट्टीच्या पोहणाऱ्यांचीही पहिल्या पाच मिनिटांत तारांबळ उडते आणि पोहणं न येणारी बाई मात्र शांतपणे नळीतून श्वास घेत मासे बघत राहते. म्हणूनच मालवण ही तालीम समजा. अंदमान-लक्षद्वीपचा मोठा खर्च करण्याआधी घरातल्या प्रत्येकानं इथं तोंड पाण्यात घालून बघावं. ज्याला ते जमतच नाही, त्याच्यासाठी लांबच्या बेटावर काचेच्या तळाची बोट ठरवता येईल, आणि ज्याला वेड लागलं त्याचा पुढचा खर्च सार्थकी लागेल.

मग कुणी कुठं

साठीच्या पुढचे आईवडील, त्यांच्या मनात सावरकरांची कोठडी, आणि हातात आठवडाभर मोकळा: अंदमान. बेटं तीनच घ्या, श्री विजयपुरम, हॅवलॉक आणि नील. सहा-सात ठिकाणांची यादी देणारा टूरवाला तुम्हाला बोटीतच ठेवेल. हिंदी सगळीकडं चालते, जेवण सगळ्या तऱ्हेचं मिळतं, मोठं हॉस्पिटल आहे.

दोघंच, किंवा मुलं दहा-बाराच्या पुढची, सगळ्यांना पाण्याची ओढ, बाजारहाट आणि हॉटेलची हौस नाही: लक्षद्वीप. यात मी जराही कचरणार नाही. पाण्यासाठी आपल्या देशात याच्या वर काही नाही. आणि तब्येत साथ देते तोवरच जावं. अंदमान सत्तरीतही होईल, जहाजाच्या दारातून लाटेवरच्या बोटीत पाय टाकणं होणार नाही.

तीन पिढ्या एका ट्रॅव्हलर गाडीत, कुणाला देव, कुणाला समुद्र, चार-पाच दिवस: मलपे आणि तो सबंध किनारा. बाळ लहान असेल, सुट्टी मोजकी असेल, किंवा पहिल्यांदाच समुद्रात उतरायचं असेल तर मालवण. खर्चाचा क्रमही साधारण असाच. मालवणला पेट्रोल आणि जेवण, मलपेला त्यात मुक्कामाची भर. अंदमान आणि लक्षद्वीपला मात्र मोठा वाटा नुसत्या पोचण्यातच जातो. म्हणून तिथं चार दिवसांसाठी जाणं महागात पडतं आणि आठ दिवसांसाठी जाणं परवडतं.

बुकिंगला बसाल तेव्हा दोन गोष्टींकडं लक्ष असू द्या. अंदमानात स्कुबा शेवटच्या दिवशी ठेवू नका. पाण्याखालून आल्यावर लगेच विमानात बसणं शरीराला घातक असतं, मध्ये निदान एक पूर्ण दिवस जाऊ द्या. आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री मुक्काम हॅवलॉकला किंवा नीलला नको, श्री विजयपुरमलाच हवा. वारं सुटलं आणि सकाळची बोट रद्द झाली, तर ना विमान थांबतं, ना पुढचं जोड विमान. लक्षद्वीपच्या जहाजालाही हेच लागू. कोचीला परतल्यावर लगेच रात्रीची गाडी न धरता एक दिवस मोकळा ठेवा. जहाज वेळेवर आलं तर तो दिवस फोर्ट कोचीत मजेत जाईल.